जिनिंगच्या शेडमध्ये ‘मेंदूविज्ञान’ चालतं का हो?

सरकीवाला · सोमवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

हिंगणघाटच्या अलीकडे एका छोट्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, मी मॅनेजर आहे. हंगामात चाळीसेक माणसं असतात: मशीनवाले, फिटर, हमाल, कापूस टाकणाऱ्या बाया, काट्यावरचा पोट्टा. दिवाळीनंतर गाड्या लागल्या की मार्चपर्यंत फुरसत नाही.

गेल्या महिन्यात एका बेअरिंगमधून दोन दिवस आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी ते तापलं, ठिणगी पडली आणि कापसाच्या ढिगाने पेट घेतला. पोट्ट्यांनी धावून पाणी मारलं म्हणून तीन-चार क्विंटलवर निभावलं. तिथे ड्युटीवर असलेल्या पोराला विचारलं, आवाज ऐकू आला नव्हता का? म्हणे, आला होता. मग सांगितलं काहून नाही? तर म्हणतो, “मागच्या बारी सांगतलं त तुमी म्हटलं, तुले मशीनमधलं काय समजते.” सगळ्यांसमोर म्हटलं होतं म्हणे मी. मला आठवतही नाही. त्याला तारीख आठवत होती.

यावर आमच्या संचालकांनी उपाय काढला: मला नागपूरला एका हॉटेलात दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय ‘मेंदूआधारित नेतृत्व’. रंगीत मेंदूंची चित्रं, सरड्याचा मेंदू, डोपामिन, ऑक्सिटोसिन, आणि ‘अमिग्डाला’ हा शब्द निदान दोनशे वेळा. जेवण मात्र झ्याक होतं. त्यातलं एकच वाक्य डोक्यात राहिलं, की चारचौघांत अपमान झाला की मेंदूत जिथे शरीराचं दुखणं कळतं तिथेच ते दुखतं.

हे खरं आहे का? आणि या सगळ्यातलं शेडमध्ये वापरण्याजोगं किती? ‘माणसांना सन्मान द्या’ एवढंच सांगणार असाल तर ते मला मान्य आहे. सकाळी आठला ट्रॅक्टरची रांग फाटकाबाहेर गेलेली असताना तो कसा द्यायचा, ते सांगा.

बोंडअळी · सोमवार, रात्री ९.५२

ऑक्सिटोसिन म्हणजे तेच ना, म्हशीला पान्हा सुटावा म्हणून चोरून टोचतात ते? मजुरांना टोचायचा विचार असेल तर सांभाळून, गुन्हा आहे.

पुण्यातला_वऱ्हाडी · सोमवार, रात्री १०.१५

मी हिंजवडीत एचआरमध्ये आहे, मूळ दर्यापूरचा. ट्रेनरने ‘स्कार्फ’ सांगितलं असेलच. डेव्हिड रॉक यांनी २००८ मध्ये मांडलेलं मॉडेल आहे. पाच गोष्टींवर माणसाचा मेंदू सतत पहारा देत असतो: आपला मान, पुढे काय होणार याची खात्री, स्वतःच्या हातात काही असण्याची मोकळीक, आपलेपणा आणि न्याय. यातल्या एकीला जरी धक्का बसला तरी मेंदू संकट आल्यासारखा वागतो, माणूस आखडतो आणि गप्प बसतो. तुमच्या पोराचा मान गेला, म्हणून तो गप्प बसला. सरळ आहे.

मोकळीक या मुद्द्यावर एक जुना अभ्यास सांगतो. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या हजारो पुरुषांवर १९६७ पासून व्हाइटहॉल अभ्यास झाला. साहेबाच्या डोक्याला ताप जास्त, म्हणून हृदयविकारही त्यालाच जास्त, अशी आपली समजूत. निघालं उलटंच. सर्वांत खालच्या हुद्द्यावरची माणसं हृदयविकाराने जास्त मेली. सिगारेट, रक्तदाब वगैरेंचा हिशेब वजा करूनही फरक शिल्लक राहिला. पुढच्या अभ्यासात जे कारण वर आलं त्यात ‘स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा नसणं’ हे मोठं होतं.

खर्रा_सोडलेला · सोमवार, रात्री १०.३१

आमच्या तालुक्याच्या कचेरीत आपलेपणा खर्र्यात, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीत, असतो. मी खर्रा सोडला आणि टीममधून बाहेर पडलो.

न्यूरॉनबाई · सोमवार, रात्री ११.२०

मूळची आर्वीची, सध्या बंगळुरूत मेंदूवरच पीएचडी करते आहे. धागा बघून हात शिवशिवले.

‘त्याच ठिकाणी दुखतं’ हे प्रकरण २००३ चं. नाओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लीबरमन आणि किपलिंग विल्यम्स यांचा प्रयोग. माणसाला एफएमआरआयच्या, म्हणजे मेंदूतली हालचाल टिपणाऱ्या मशीनच्या, नळकांड्यात झोपवायचं आणि डोळ्यांसमोर चेंडू फेकण्याचा साधा खेळ लावायचा. तिघे जण खेळताहेत असं त्याला सांगितलेलं, प्रत्यक्षात बाकीचे दोघे म्हणजे कॉम्प्युटर. थोड्या वेळाने ते दोघे आपसातच चेंडू फेकतात, याला देतच नाहीत. एवढ्याशा गोष्टीने मेंदूतला अँटिरिअर सिंग्युलेट नावाचा पट्टा जास्त काम करायला लागला. हाच पट्टा शारीरिक वेदनेतही जागा होतो. ज्याला जास्त वाईट वाटलं त्याच्यात हालचालही जास्त दिसली.

पुढचं ट्रेनर लोक गाळतात. हा पट्टा चूक झाली तरी जागा होतो, मन दोन बाजूंना ओढलं गेलं तरी होतो. गावात एखाद्या दारासमोर मांडव दिसला म्हणजे लग्नच असतं असं नाही, तेरवीही असते. तेव्हा अपमान लागतो हे खरं, पण तो पायावर धोंडा पडल्यासारखाच लागतो हे त्या एका चित्रावरून म्हणता येत नाही.

सरड्याचा मेंदू विसरा. खाली सरड्याचा, मध्ये जनावराचा, वर माणसाचा असे तीन मजले ही पॉल मॅकलीन यांची १९६० च्या दशकातली कल्पना. आज मेंदूची उत्क्रांती अभ्यासणारे ती मानत नाहीत. चित्र काढायला सोपं जातं म्हणून ट्रेनिंगमध्ये टिकून आहे.

भक्कम गोष्ट वेगळीच आहे. येल विद्यापीठाच्या एमी आर्न्स्टन यांनी कित्येक वर्षं हेच तपासलं. कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, हा विचार करणारा, स्वतःला आवरणारा. ताण आला की मेंदूत नॉरअॅड्रेनालिन आणि डोपामिन वाढतं. बेताचं वाढलं तर डोकं तल्लख होतं, फार वाढलं तर या भागातल्या पेशींचं आपसातलं बोलणं तुटतं आणि सवयीचं, घाईचं वागणं पुढे येतं. तुम्ही ओरडल्यावर पोराचं डोकं चालत नाही हे खरंच. पण ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना तुमचंही चालत नसतं. ‘तुले काय समजते’ हे तुम्ही विचार करून बोललाच नव्हता, म्हणून तुम्हाला आठवत नाही.

सरकीवाला · सोमवार, रात्री ११.३३

शेवटची ओळ तीनदा वाचली. झोपतो आता.

गुरुजी_निवृत्त · मंगळवार, सकाळी ६.०५

तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली. या धाग्यातलं एकही सत्य असं नाही जे माझ्या आईला माहीत नव्हतं. ती निरक्षर होती.

एक प्रसंग सांगतो. नव्याने लागलेली शिक्षिका, वय बावीस-तेवीस. तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गातच, पोरांसमोर तिचं टाचण फेकलं. दुसऱ्या दिवसापासून चौथीची पोरंही तिचं ऐकेनात. ती पुढे कधी काही विचारायला माझ्याकडे आली नाही, आणि चुकलेलं लपवायला मात्र शिकली. हे कळायला मला कोणत्या नळकांड्यात झोपावं लागलं नाही.

आपल्या शेंडगावचे गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराट्याने गाव झाडायचे, रात्री कीर्तनात प्रश्न विचारायचे. आधी झाडणं, मग बोलणं. नेतृत्व यालाच म्हणतात. त्यावर इंग्रजी नावाचा मफलर गुंडाळून तोच माल हॉटेलात विकायचा, याला माझा आक्षेप आहे.

बोंडअळी · मंगळवार, सकाळी ७.४८

गुरुजी, स्कार्फला मफलर म्हणालात, आजचा दिवस सत्कारणी.

न्यूरॉनबाई · मंगळवार, सकाळी ९.१०

गुरुजी, तुमच्या बाजूचा पुरावा माझ्याच गोटातून देते.

येलमध्येच डीना वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक प्रयोग छापला. माणसं अशी का वागतात याची काही चांगली स्पष्टीकरणं आणि काही अगदी पोकळ, गोल गोल फिरणारी स्पष्टीकरणं लोकांना वाचायला दिली. काहींमध्ये ‘ब्रेन स्कॅनवरून असं दिसतं’ छापाचं एक वाक्य घुसडलं, ज्याचा मुद्द्याशी काही संबंध नव्हता. सामान्य वाचकांना आणि मेंदूविज्ञानाच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनाही पोकळ स्पष्टीकरणं त्या एका वाक्यामुळे बरी वाटू लागली. जाणकार मात्र फसले नाहीत.

दुसरं याहून भारी. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि मंडळींनी एक मेलेला सामन मासा एफएमआरआयमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि या माणसाला काय वाटत असेल असं ‘विचारलं’. आकडेमोडीत जी काळजी घ्यायची असते ती मुद्दाम घेतली नाही. माशाच्या डोक्यात हालचाल दिसली! हजारो ठिपके एकदम तपासले की काही ठिपके उगाच लागतात, हे त्यांना दाखवायचं होतं. २०१२ चा इग नोबेल मिळाला त्याला, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार.

बोंडअळी · मंगळवार, सकाळी ९.१४

मेलेल्या माशाच्या डोक्यात हालचाल दिसली आणि आमच्या सोसायटीच्या बैठकीत सगळे जिवंत असून दिसत नाही. हसून हसून पुरेवाट.

फिटर_नं_१ · मंगळवार, दुपारी १.२०

मीबी जिनिंगमधेच आहे, यवतमाळकडे. मेंदू रायला बाजूले, बेअरिंगमध्ये ग्रीस कोणाच्या ड्युटीत भरतात ते सांगा. आमच्याकडे ‘सगळ्यायनं भरायचं’ असं होतं तोवर कोणीच भरत नव्हतं.

दुसरी गोष्ट. पोरगं डबल मारत होतं का? बारा तास करून पुन्हा सहा तास थांबलेला माणूस आवाज ऐकतो पण ऐकत नाही.

न्यूरॉनबाई · मंगळवार, दुपारी १.५०

फिटरभाऊ, हा या धाग्यातला सर्वांत शास्त्रीय प्रतिसाद. ऑस्ट्रेलियात १९९७ मध्ये डॉसन आणि रीड यांनी मोजलं होतं. सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाची हाताची आणि डोक्याची चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याने मर्यादा ०.०३ आहे.

खर्रा_सोडलेला · मंगळवार, दुपारी २.०२

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. डबल ड्युटीवर नाही.

सरकीवाला · मंगळवार, दुपारी २.४०

डबलच होती. हेही मला कोणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

सिस्टर_ग्रामीण · मंगळवार, रात्री ८.३०

मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. केंद्राचं नाव सांगत नाही, पोट आहे मागे.

आमच्याकडे व्हॉट्सॅपचा ग्रुप आहे, साठेक जण. आशाताई, सिस्टर, डॉक्टर, वरचे साहेब, सगळे त्यात. रोज रात्री ज्यांच्या नोंदी मागे आहेत त्यांच्या नावांची यादी लाल रंगात पडते. खाली एक अंगठा, एक ‘कारणे द्या’. जेवताना फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो, यादीत नाव नसलं तरी. नवरा म्हणतो बघू नको. न बघून कसं चालेल?

आता खरं सांगते. लाल यादीतून नाव निघावं म्हणून भेट न देता भेट भरली जाते. मी कधीच भरली नाही असं म्हणणार नाही. साहेबांना वाटतं यादीमुळे काम वाढलं. आकडे वाढले, हे खरंच आहे.

सरकीवालेभाऊ, तुमच्या पोराने निदान खरं कारण तोंडावर सांगितलं. आमच्यातलं कोणी सांगणार नाही.

पुण्यातला_वऱ्हाडी · मंगळवार, रात्री ९.०५

सिस्टर, तुम्ही सांगितलं त्याच्या अगदी उलट टोकाचा एक किस्सा. अमेरिकेत एमी एडमंडसन १९९० च्या दशकात दवाखान्यांत औषधांच्या चुका मोजत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी होतील अशी अपेक्षा. आकडे आले ते उलटे, चांगल्या टीममध्ये चुका जास्त! नंतर लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. बाकीच्या वॉर्डांत झाकल्या जात होत्या. १९९९ मध्ये त्यांनी याला ‘मानसिक सुरक्षितता’ म्हणून मांडलं. पुढे गूगलने स्वतःच्या टीम तपासल्या तेव्हाही हीच गोष्ट सर्वांत वर निघाली.

गुरुजी_निवृत्त · मंगळवार, रात्री ९.२२

यात मेंदूचा स्कॅन कुठे आहे? मला तरी दिसला नाही. जे उपयोगाचं ते सगळं स्कॅनविना!

पुण्यातला_वऱ्हाडी · मंगळवार, रात्री ९.३०

गुरुजी, आदर ठेवून सांगतो. ‘आईला माहीत होतं’ म्हणणं सोपं आहे. आईला माहीत होतं तर तुमच्या साहेबांना टाचण फेकताना का नाही आठवलं? तुम्ही शाळेत कधी छडी उगारलीच नाही का? माहीत असणं आणि ऐन वेळी आठवणं यात फरक आहे. चित्र दाखवून का होईना, माणूस थांबत असेल तर दाखवू द्या की.

गुरुजी_निवृत्त · मंगळवार, रात्री १०.४५

उगारली. मारलीही. एक विद्यार्थी आता एसटीत कंडक्टर आहे. माझं तिकीट काढताना हात पुढे करतो आणि म्हणतो, “गुरुजी, आज नाही ना मारणार?” सगळी गाडी हसते. मीही हसतो. तुमचा मुद्दा पोचला.

डीपी_जळाला · बुधवार, सकाळी १०.१२

वरुड भागातला संत्रावाला. पुण्यातल्या भाऊंच्या यादीतली ‘खात्री’ ही एक गोष्ट मला पटली. रात्री दोनला लाइन येते असं पक्कं सांगितलं तर मी नऊला झोपतो, दोनला उठतो, ओलीत करतो. ‘येऊन जाईल’ म्हटलं की रात्रभर स्टार्टरच्या खटक्याकडे कान. सकाळी बायकोवर ओरडतो. माणूस अंधाराने नाही, ‘येऊन जाईल’ने मरतो.

न्यूरॉनबाई · बुधवार, सकाळी ११.००

डीपीभाऊ, याच्यावर लंडनच्या यूसीएल विद्यापीठात २०१६ मध्ये प्रयोग झाला. पंचेचाळीस माणसं. पडद्यावर दगड, दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, आधी ओळखला असला तरीही. घाम, डोळ्याच्या बाहुल्या सगळं मोजलं. झटका बसणारच हे पक्कं माहीत असताना ताण कमी होता. सर्वांत जास्त कधी? शक्यता बरोबर पन्नास टक्के असताना.

सरकीवाला · बुधवार, सकाळी ११.२५

मला कोणी मजुरीच्या चुकाऱ्याचं विचारलं की मी ‘सोमवारी बघू’ म्हणतो. माझ्या मते मी दिलासा देत होतो.

कास्तकार_पोट्टा · बुधवार, सकाळी ११.४०

जिनिंगवाले आहेत म्हणून विचारतो, कापसाला काय भाव सुरू आहे तुमच्याकडे? ओलावा किती धरता?

संपादक · बुधवार, दुपारी १२.०५

भावासाठी बाजारभावाचा वेगळा धागा आहे. कृपया इथे नको.

पुण्यातला_वऱ्हाडी · बुधवार, दुपारी ४.१०

न्यायाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांचा २००३ चा प्रयोग. शेजारी शेजारी पिंजऱ्यात दोन कॅपुचिन माकडं. खडा परत दिला की काकडीचा तुकडा मिळतो, दोघेही खूश. मग एकीला त्याच कामासाठी द्राक्ष द्यायला सुरुवात केली. दुसरी काकडी घ्यायलाच तयार नाही, फेकून देते. मिनिटापूर्वी तीच काकडी चालत होती.

निंदण_मुकादम · बुधवार, रात्री ८.५५

मी बायायचा गट चालवतो, पंधरा जणी. पोरगी टाइप करून देऊन रायली.

तुमचं माकडाचं वाचलं. आमी त काकडीवरच काम करतो ना भाऊ. माणूस सकाळी येते, दोन बिड्या पेते, पाचशे घेते. बाई तेवढेच तास वाकून रायते, तिले तीनशे. इचारलं त म्हंतेत, माणसाचं काम जड रायते. कापूस वेचाले माणसं काहून नाई येत मग?

माकडानं काकडी फेकून मारली. त्याचं चांगलं हाय, त्याले पिंजऱ्यात रोज खाले भेटते. आमी फेकली त उद्याच्याले बलावतच नाई.

जिनिंगवाले भाऊ, तुमच्याकडं कापूस टाकणाऱ्या बायायले किती देता?

न्यूरॉनबाई · बुधवार, रात्री ९.०१

ताई, दंडवत.

खर्रा_सोडलेला · बुधवार, रात्री ९.२०

धागा शांत झाला एकदम.

सरकीवाला · गुरुवार, सकाळी ७.१५

ताई, रात्री उत्तर टाइप केलं आणि पुसलं. फरक आमच्याकडेही आहे. तुम्ही सांगितला तेवढा नाही, पण आहे. ‘दर बाहेर तसाच आहे’ हे माझं नेहमीचं उत्तर. संचालकांपुढे मांडतो. काय होईल ते इथे लिहीन.

मोहफूल · गुरुवार, दुपारी १२.३०

गडचिरोलीतून, धानोरा तालुका. आमच्याजवळच्या मेंढा-लेखाचं नाव सगळ्यांनी ऐकलं असेल. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली, आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं गाव ते. देवाजी तोफांचं नाव पुढे असतं, पण निर्णय मतदानाने होत नाही, सर्वांची सहमती लागते. एकाला जरी पटलं नाही तरी विषय पुढच्या सभेत. शिवाय अभ्यासगट असतो. तिथे निर्णय घ्यायचा नसतो, नुसतं समजून घ्यायचं असतं, त्यामुळे कोणालाही काहीही मूर्खासारखं विचारता येतं.

तुमची ती मानसिक सुरक्षितता मला त्या अभ्यासगटात दिसते. फक्त वेळ फार लागतो. आग लागलेली असताना सहमती घेत बसता येत नाही, ती आधीच घेऊन ठेवावी लागते.

फिटर_नं_१ · गुरुवार, संध्याकाळी ६.४५

हे जमण्यासारखं आहे. आमच्या जुन्या फोरमनची युक्ती देतो. प्रत्येक मशीनजवळ खडू ठेवायचा. आवाज आला, वास आला, काहीबी वाटलं त खांबावर रेघ मारायची. नाव लिहायचं नाई, बोलायचं नाई. फिटरनं रेघ पाहिली की पाहायचं अन् पुसायची. उगाच मारली म्हणून कोणाले काई म्हणायचं नाई, ही मुख्य अट. मॅनेजरनं त तिथं तोंडच उघडायचं नाई.

खर्रा_सोडलेला · गुरुवार, संध्याकाळी ७.१०

माझी कथा अपुरी राहिली होती. खर्रा घोटता घोटता बदल्यांच्या यादीपासून साहेबाच्या मूडपर्यंत सगळं कळायचं. एका पन्नीत पाच जण. तोंडात चट्टा आला, डॉक्टरने दम दिला, सोडला. आता सगळं दोन दिवस उशिरा कळतं. मी चहा पाजून बघितला, पण चहा दहा मिनिटांत संपतो, खर्रा तासभर चालतो. कामाच्या जागी माणसं कुठे उभी राहून बोलतात हे ज्याला कळलं त्याला मेंदूविज्ञान शिकायला नको. चट्टा बरा झाला, हेही सांगून टाकतो, घरचे वाचतात.

सिस्टर_ग्रामीण · गुरुवार, रात्री ९.४०

आणखी एक. तमिळनाडूतल्या ऊसवाल्यांचा अभ्यास आमच्या एका डॉक्टरांनी दाखवला होता, २०१३ चा. ४६४ शेतकरी. तोच माणूस तोडणीआधी पैशाची ओढाताण असताना कोडी सोडवायला कमी पडतो आणि तोडणीनंतर पैसे आले की बरी सोडवतो. जून महिन्यात आमच्याकडे येणारी बाई औषधाच्या वेळा तीनदा सांगूनही विसरते, तेव्हा मी चिडायचे. आता दोन वेळा कमी चिडते.

सरकीवाला · चार आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९.१०

मंडळी, हिशेब द्यायला आलो.

डबल ड्युटी बंद केली. दोन पोरं नाराज झाली, त्यांना पैसा पाहिजे होता. हे मी धरलंच नव्हतं. एक जण शेजारच्या जिनिंगला गेला.

चुकाऱ्याचा वार फळ्यावर लिहिला: शनिवार, दुपारी चार. तिसऱ्या शनिवारी बँकेचं सर्व्हर बंद. शुक्रवारीच अंदाज आला होता, म्हणून शुक्रवारीच सांगितलं की उद्या नाही, सोमवारी सकाळी दहा. कुरकुर झाली, पण कोणी घरी निघून गेलं नाही. आधी अशा वेळी निम्मी शेड रिकामी व्हायची.

त्या पोराची माफी सगळ्यांसमोर मागितली. म्हटलं, अपमान चारचौघांत केला तर माफीही चारचौघांत. पोरगं मान खाली घालून उभं राहिलं आणि दुसऱ्या दिवशी आलंच नाही. दोन दिवसांनी आलं. म्हणे, “सगळे मलेच पाहून रायले होते.” त्याला पुन्हा मीच सगळ्यांसमोर उभं केलं होतं. चहाच्या टपरीवर बोललो असतो तर बरं झालं असतं.

खडू. पहिला आठवडा एकही रेघ नाही. दुसऱ्या आठवड्यात अकरा, त्यातल्या निम्म्या उगाच, एक तर कोणीतरी बदाम काढलेला. जीभ चावली, गप्प बसलो. बायकोला वाटलं माझी तब्येत बरी नाही. चौथ्या आठवड्यात, आग लागली होती त्याच बेल्टच्या दुसऱ्या टोकाला एक रेघ. फिटरने तिथल्या बेअरिंगला हात लावला, चटका बसला. बदललं. रेघ कोणाची ते विचारलं नाही, पण खडूची बोटं मी पाहिली.

बायांच्या मजुरीचा विषय मांडला. संचालक म्हणाले, मुद्दा रास्त आहे, पुढच्या हंगामात बघू.

निंदण_मुकादम · रविवार, रात्री ९.४८

बघू म्हंजे किती टक्के भाऊ? पन्नास?

सरकीवाला · रविवार, रात्री १०.०२

पुढची बैठक २८ तारखेला आहे. विषयपत्रिकेत लेखी घेतला आहे, ‘बघू’ शब्द काढून.

फिटर_नं_१ · रविवार, रात्री १०.३०

बेअरिंग कोणत्या नंबरचं होतं ते अजून सांगतलंच नाई तुमी.